नऊ पिनांचा लॅपटॉप

हवा आहे

जुना लॅपटॉप हवा आहे. कोणत्याही कंपनीचा चालेल. पडदा फुटका चालेल, बॅटरी मेलेली चालेल, एखाददुसरं बटण नसलं तरी हरकत नाही. मागे किंवा बाजूला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट पाहिजे आणि तो जिवंत पाहिजे. अडॅप्टर नको. पूरक चिप यायच्या आधीचा असावा. तातडीचं आहे. माणूस शोधायचा आहे.
— हर्षदा, नवी खैरवडी, सोनवण धरण

‘नऊ पिनांचा म्हणजे कसा? फोटो टाका.’

‘ताई, माझ्याकडे पंधरा पिनांचा आहे.’

‘सहा उपटून टाक मग.’

‘आमच्या आजोबांच्या कपाटात आहे, पण आजोबा कपाटाला हात लावू देत नाहीत.’

‘माणूस शोधायला लॅपटॉप कशाला? पोलिसात जा.’

मी पोलिसात गेले होते. त्यांचे लॅपटॉपही नवेच आहेत.

पडद्यावर: शाळा, पार, विहीर

माझं काम गाळ मोजायचं. सोनवण धरणात दर वर्षी किती गाळ येऊन बसतो ते पाहण्यासाठी मी होडीतून या काठापासून त्या काठापर्यंत रेघा मारत जाते. होडीच्या बुडाला एक साउंडर लावलेला आहे. पिवळा डबा, माझ्याच वयाचा. तो पाण्यात टक् असा आवाज सोडतो, आवाज तळावर आपटून परत येतो, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. डब्याचा स्वतःचा पडदा कधीच गेला. त्याला बोलायला आता एकच तोंड उरलंय, मागचा नऊ पिनांचा पोर्ट.

हा पोर्ट फार साधा असतो. पिना नऊ असल्या तरी कामाच्या तीनच: एक बोलायची, एक ऐकायची, एक जमिनीची, म्हणजे ग्राउंडची. तारेतले व्होल्ट वर जातात, खाली येतात, पुन्हा वर जातात. त्या चढउतारांतून एकामागे एक अक्षरं तयार होतात. पलीकडे कोण आहे, तो ऐकतोय का, हे डबा विचारत नाही. बोलून मोकळा होतो. बोलताना चुकलं तर चुकलेलंच पोचतं.

नव्या यंत्रांना हे चुकलेलं खपत नाही. माझ्या लग्नाच्या सुमारास पूरक चिप आली. आधी फोनमध्ये. रेंज गेली की बोलणाऱ्याचे तुटलेले शब्द ती त्याच्याच आवाजात भरून काढायची. माणूस एरवी काय बोलतो, या वेळी, या माणसाशी, यावरून पुढचा शब्द कोणता असणार हे ती ठरवायची. हे इतकं बेमालूम जमलं की ‘हॅलो, आवाज तुटतोय’ हे वाक्यच लोक विसरले. मग फोटो, मग दवाखान्यातली यंत्रं, मग सगळंच. आता कुठल्याही लॅपटॉपमध्ये जे काही शिरतं ते आधी पूरकमधून जातं. ते बंद करायचं बटण नाही, कारण बटण दाबून जायला दुसरी वाटच बांधलेली नाही. अडॅप्टर लावून पिवळा डबा जोडला तरी तो त्याच दारातून आत येतो.

धरण भरलं तेव्हा खैरवडी बुडाली होती. माझ्या नव्या लॅपटॉपवर ती पहिल्याच हंगामात उगवली. मी रेघा मारत गेले आणि पडद्यावर आधी शाळेची भिंत आली, मग पार, मग विहिरीचा गोल, मग घरांच्या दोन रांगा. होड्या भरभरून लोक पाहायला आले. आमचे सासरे, परसराम आप्पा, गाव सुटलं तेव्हा बारा वर्षांचे होते. ते रोज दुपारी माझ्या मागच्या फळीवर येऊन बसायला लागले.

“हळू घे गं. दौलूनानाच्या ओट्यावरनं जातोय आपण.”

मीही हळू घ्यायची.

पडद्यावर: शाळा, पार, विहीर. अन्य काही नाही.

मग वाऱ्यात तुषारची बोट गेली.

तुषार माझा नवरा. धरणात मासेमारी करायचा. दुपारी अचानक वावटळ उठली, त्याचा फोन आला, आणि नंतर ना तो आला, ना बोट. बुडालेला माणूस एरवी दोन-चार दिवसांत वर येतो. जाळ्यात अडकलेला येत नाही. त्यामुळे बोट शोधायची होती; बोटीखाली जाळं, जाळ्यात तुषार, असं सगळ्यांच्या मनात होतं आणि कोणी उच्चारत नव्हतं. पाणबुडे आले, त्यांची नवी यंत्रं आली. गळ टाकून लोकांनी तळ ओढून पाहिला. मी रेघांवर रेघा मारल्या. पडद्यावर जसंच्या तसं जुनं गाव, जुनी शेतं, जुनी नदी. बोट कुठंही नाही.

आमच्या कामात हंगामाच्या सुरुवातीला एक पट्टीची परीक्षा असते. लोखंडाची पट्टी साखळीनं साउंडरखाली ठरावीक खोलीवर सोडायची आणि पडद्यावर ती तेवढ्याच खोलीवर दिसते का ते बघायचं. मी ती परीक्षा दर वर्षी घ्यायची आणि ती दर वर्षी पास व्हायची. पण तिची एक पद्धत आहे. आधी लॅपटॉपवर ‘परीक्षा’ उघडायची, पट्टी किती मीटरवर सोडणार ते लिहायचं, आणि मग पट्टी सोडायची.

तुषारला शोधताना एक दिवस घाईत मी काही न लिहिता पट्टी सोडली.

पडद्यावर पट्टी दिसलीच नाही.

साखळी माझ्या हातात होती, पट्टीचं वजन मनगटाला कळत होतं, आणि पडद्यावर तिच्या आरपार शाळेची भिंत दिसत होती. मग मी ‘परीक्षा’ उघडली, पाच मीटर लिहिलं. पट्टी आली. बरोब्बर पाच मीटरवर. मग मी पट्टी पाण्याबाहेर काढून होडीत ठेवली. पडद्यावर ती तिथंच राहिली.

म्हणजे डबा काय सांगतोय ते मी इतकी वर्षं ऐकलंच नव्हतं. जुने गावनकाशे, पंचनाम्यातले फोटो, लोकांच्या आठवणींची रेकॉर्डिंगं, जे जे कुठं साठवलेलं होतं त्यातून पूरक मला तळ काढून देत होती. डब्याकडून येणारं काही तिला पटलं तर घ्यायची, नाही पटलं तर पुसायची. साठ वर्षांपूर्वीच्या गावात बुडालेली बोट असायचं काही कारण नव्हतं.

पडद्यावर काहीही नाही (घरातलं बोलणं)

भागवतकाका, आप्पांचे चुलतभाऊ, ओसरीवर मांडी घालून बसले होते. “पळसाच्या पानांचा पुतळा करायचा. त्याला अग्नी द्यायचा. माणूस सापडत नसला की शास्त्रात तशी सोय आहे. अमावास्येला उरकून टाकू. किती दिवस पोरीला टांगून ठेवायचं?”

“पुतळा नको,” मी म्हणाले. “खरा तुषार पाहिजे.”

“अगं, सगळ्यांना कळतंय ते. पण नाही मिळाला तर?”

“म्हणून पानं भरायची जागेवर? हे तर पूरकच झालं, काका.”

काकांना ते आवडलं नाही. आप्पा इतका वेळ सुपारी कातरत होते. ते म्हणाले, “पुतळा न्हाईच करायचा. जित्या माणसाचा करत न्हाईत.”

भागवतकाकांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

“त्यो घरी गेलाय,” आप्पा म्हणाले. “खाली. माझा बाप बी तिथंच हाय, आजा बी. गाव धड हाय, रोज बघतो की मी. त्याला काय कमी हाय तिथं?”

भागवतकाका उठून चपला शोधू लागले. मी आप्पांच्या समोर जाऊन बसले. पट्टीचं सगळं त्यांना सांगितलं. लॅपटॉप स्वतःच्या मनानं चित्र काढतो, खाली खरं काय आहे ते जुन्या लॅपटॉपशिवाय कळणार नाही, हे दोनदा सांगितलं.

“म्हंजे त्यो जुना डबा आणून तू माझं गाव पुसणार.”

“मी काही पुसत नाही, आप्पा. आहे ते बघणार.”

“तेच ते,” आप्पा म्हणाले आणि पुन्हा सुपारी कातरू लागले.

आलेले लॅपटॉप

पहिला चाकणच्या एका बंद पडलेल्या लेथच्या कारखान्यातून आला. पोर्ट चकाचक. उघडून पाहिलं तर पोर्टच्या मागे तारच नव्हती. साच्यात भोक होतं म्हणून कंपनीनं नुसतं तोंड बसवलं होतं.

दुसरा नाशिकच्या दुरुस्तीवाल्यानं पाठवला. पोर्ट जिवंत, तारा जिवंत. मी जोडला आणि पडद्यावर खैरवडी आली. मी त्याला फोन केला.

“तुमचं तातडीचं होतं ना ताई, म्हणून अपग्रेड करून दिला. पूरक टाकलीय आत. वेगळे पैसे नाही घेतले.”

तिसऱ्याच्या पोटात बुरशी होती. त्यानं एकदा डोळे उघडले आणि मिटले.

चौथ्याचा नुसता फोन आला. इलाही तांबोळी, साखर कारखान्याच्या रस्त्यावर वजनकाटा. “ताई, माझ्याकडं आहे, चालू आहे, रोज वापरतो. येऊन घेऊन जा. काळजी करू नका, सगळं नीट होईल.”

इलाहींचा काटा

“मी असं म्हणालोच नाही,” इलाही म्हणाले.

काट्याच्या खोलीत पत्र्यावर ऊन तापत होतं. लॅपटॉप टेबलावर होता, विटेसारखा जाड, त्याच्या पाठीतून करड्या रंगाची केबल निघून जमिनीत गेलेली.

“सगळं नीट होईल, असं म्हणालात.”

“कशाला म्हणीन? मला काय माहीत नीट होईल का नाही? बुडालेलं माणूस शोधताय तुम्ही. मी म्हणालो, या, घेऊन जा, गळीत सुरू व्हायच्या आत परत आणा. इथं रेंजचा पत्ता नसतो. उरलेलं फोननं घातलं असंल पदरचं.” त्यांनी चहा बशीत ओतून माझ्याकडे सरकवला. “फोन माझ्यापेक्षा गोड बोलतो, असं घरात सगळे म्हणतात.”

“तुम्ही हा लॅपटॉप अजून का वापरता?”

“नवा घेतला होता की. एकदा बाहेर ड्रायव्हर चहा पीत उभा, गाडी अजून काट्यावर चढलीच नव्हती, आणि आत सतरा टन आले. ती गाडी नेहमी येते ना, नेहमी सतरा टनच आणते. मी म्हटलं, मग काटा कशाला पाहिजे? पंचांग घेऊन बसतो.” ते थोडं हसले, मग माझ्याकडे बघून थांबले. “ताई, चहा गार होतोय.”

मी तुषारच्या फोनचा विचार करत होते.

तो मला असा ऐकू आला होता:

‘हर्षदा, वारं सुटलंय. मी भिंतीकडून वळलोय, कडेकडेनं येतोय. निघालोच. जेवायला थांब.’

पाणबुडे आणि गळ त्या वाक्यावरूनच फिरले होते. धरणाच्या भिंतीपासून घरापर्यंतचा काठ, तेवढाच.

तो कदाचित असा होता:

‘हर्षदा, वारं              मी            ळलो            ये

                                           ’

किंवा त्यात नुसतं माझं नाव होतं. किंवा तेही नव्हतं.

हत्ती

दुसऱ्या दिवशी सकाळी मी होडी काढली. आप्पांना घरी फोनजवळ बसवलं. सांगितलं, मी वेगवेगळ्या ठिकाणांहून फोन करीन, जे ऐकू येईल ते लक्षात ठेवा.

धरणाच्या भिंतीपाशी गेले. तिथं टॉवर आहे. म्हणाले, “आप्पा, मी लाल हत्तीवर बसलेय आणि हत्ती भजी तळतोय.”

“काय येड लागलं का गं?” आप्पा म्हणाले.

काठावरच्या सरकारी बंगल्याच्या टोकावर तेच बोलले. आप्पा म्हणाले, “पुन्हा हत्तीच.”

मग टेकडीला वळसा घालून धरणाच्या पलीकडच्या फाट्यात गेले, जिथं पाण्याखाली गावठाण आहे. तिथं आमच्यातलं कोणी जाळं टाकत नाही. गाव बुडालं तेव्हापासूनचा नियम आहे: पूर्वजांच्या अंगणात मासे धरायचे नाहीत. आप्पांनी तुषारकडून तसा शब्द घेतला होता. त्यामुळे तिथं पाणबुडे उतरलेच नव्हते, गळही कोणी टाकला नव्हता.

मी हत्तीचं वाक्य बोलले. पलीकडून आप्पांचा शांत आवाज आला, “बरं, ये.” तोही त्यांचाच होता का, मला सांगता येणार नाही.

घरी येऊन विचारलं, “शेवटच्या वेळी मी काय म्हणाले?”

“तू म्हणालीस, निघालेच. जेवायला थांबा.”

“हत्ती?”

“हत्ती न्हाई.” आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. बराच वेळ त्यांनी फोनकडे पाहिलं. “त्यो बी असंच म्हणाला हुता ना? जेवायला थांब?”

“हो.”

“म्हंजे त्यो गावावर हुता.”

मी इलाहींचा लॅपटॉप उचलला.

“मी येतो होडीत,” आप्पा म्हणाले.

#ञ≡ऽऽ÷ळ॥ॠळ#ऽ≡≡ञ

इलाहींचा लॅपटॉप होडीच्या बॅटरीवर चढवला. करडी केबल डब्याला लावली. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी एक खूण. मी खटका दाबला आणि पडद्यावर हे वरचं उमटायला लागलं, ओळीमागे ओळ.

“बिघाडलं?” आप्पांनी विचारलं.

मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “नाही आप्पा. कचरा आलाय. खरा कचरा.”

डबा ज्या वेगानं बोलतो त्याच वेगानं ऐकावं लागतं. लॅपटॉप काट्याच्या वेगाला लावलेला होता, डब्याच्या दुप्पट. नव्या यंत्रानं अशा वेळी काहीतरी शहाण्यासारखं चित्र काढून दिलं असतं. हे यंत्र आपल्याला काही कळलं नाही ते सरळ दाखवत होतं. मी वेग निम्मा केला.

१७.९

१७.९
१७.९
१७.९

पुढे तेच. सेकंदाला एक आकडा, खोली मीटरमध्ये. मी टेकडीपासून सुरुवात केली आणि गावठाणावरून पहिली रेघ मारली.

१७.९
१७.९

“आता कुठं आलो?” आप्पांनी विचारलं. त्यांना चित्राची सवय होती.

“शाळेवर.”

“मग भिंत?”

१७.९

“ह्या आकड्यात भिंत कुठंय?”

“भिंत असती तर आकडा कमी झाला असता. इथं काही नाही, आप्पा. सपाट आहे.”

“पाराचं बघ. पार उंच हुता. मी त्यावरनं उड्या मारल्यात.”

मी पारावरून नेलं. विहिरीवरून नेलं. विहिरीवर तरी आकडा वाढेल असं मलाही वाटत होतं. १७.९. साठ वर्षांच्या पावसाळ्यांनी विहीर काठोकाठ भरली होती, घरं भरली होती, आणि वर टेबलासारखा सपाट गाळ बसला होता. आप्पांच्या बापाचं घर त्याखाली कुठंतरी असेल. किंवा मातीच्या भिंती पहिल्याच वर्षी विरघळल्या असतील. डबा त्याबद्दल काही म्हणत नव्हता.

आप्पांनी आकडे वाचणं सोडलं नाही. ओठ हलत होते. दर आकड्याला ते थोडे आणखी खाली बसत गेले.

तिसऱ्या रेघेवर:

१७.९
१७.९
१६.६
१६.४
१६.४
१६.७
१७.९

मी इंजिन बंद केलं. होडी पुढे सरकून थांबली.

“काय?” आप्पा म्हणाले. “घर?”

त्यांच्या आवाजात आशा होती. मी होडी आडवी वळवून पुन्हा त्यावरून नेली. लांबी, रुंदी, उंची. अशी लांबी-रुंदी आम्ही दोघंही ओळखत होतो. ती बोट आप्पांनीच घेऊन दिली होती.

“तुषार,” मी म्हणाले.

काठावरच्या एका गुराख्याकडे निरोप धाडून पाणबुड्यांची वाट बघत आम्ही तिथंच राहिलो. नांगर टाकला नाही, दोघांनाही तो खाली टाकवेना. इंजिन अधूनमधून चालू करून मी होडी जागेवर धरून ठेवत होते. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

“गावठाणावर जाळं टाकलं त्यानं,” ते म्हणाले. “मला शब्द दिला हुता.”

मी इंजिन चालू करून होडी पुन्हा जागेवर आणली.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “पर गाव कुठंय?”

आणि आणखी थोड्या वेळानं, “गाव न्हाईच, तर त्यानं टाकलं कशावर? गाळावर. गाळावर कुणी बी टाकावं.” त्यांनी पाण्यात हात घातला आणि तोंडावरून फिरवला. “गाळावर टाकलं तर काय झालं.”

तुषार

तो जाळ्यात होता. त्याला वर काढल्यावर मी बघितलं. भागवतकाका मला धरून मागे ओढत होते, बघू नको म्हणत होते. मी बघितलं. जे होतं ते बघितलं. मग त्याला नेलं, आप्पांनी अग्नी दिला, बोट क्रेननं काठावर आणून पालथी घातली. तिच्यात अजून गाळ होता. तो वाळून पांढरा झाला.

इलाहींचा लॅपटॉप गळीत सुरू व्हायच्या आत मी स्वतः नेऊन दिला. गाळमोजणीच्या ऑफिसला मी गावठाणाचे कच्चे आकडे पाठवले होते. तिथून उत्तर आलं की फाइल उघडत नाही, नेहमीच्या लॅपटॉपवरून पाठवा.

पडद्यावर: शाळा, पार, विहीर, एक बोट

नेहमीचा लॅपटॉप लावून मी रेघा मारायला परत गेले तेव्हा पार आणि विहीर यांच्या मधल्या वाटेवर बोट होती.

पाणबुड्यांच्या यंत्रांनी तिची नोंद केली होती. पूरकला आता बोट माहीत होती. काठावर पालथी पडलेली बोट मला होडीतून दिसत होती, आणि पडद्यावर ती खाली होती, सरळ, जाळं आत गोळा करून ठेवलेलं.

मी कंपनीला लिहिलं. त्यांनी लगेच कळवलं: ‘आपली अडचण समजली. ही नोंद काढून टाकता येईल. मात्र नोंद काढल्यावर त्या जागी तळाची माहिती उरणार नाही, आणि रिकामी जागा पूरक उपलब्ध माहितीवरून भरून काढेल. उपलब्ध माहितीत सध्या एक बोट आहे.’

पुढच्या आठवड्यात बोट जरा हलली.

आधी मला वाटलं, माझीच रेघ चुकली. मग मोजलं. वाटेच्या मधोमध बोट असणं पूरकच्या गणितात बसत नव्हतं. वाटेवर बैलगाडी असते, माणसं असतात. बोट पाण्यापाशी असते. म्हणून दर रेघेला पूरक बोट वाटेवरून थोडी थोडी जुन्या नदीकडे नेत होती. दौलूनानाच्या ओट्यासमोरून. मग दोन घरं ओलांडून. नाक नेहमी नदीकडे. कोणी वल्हवत असल्यासारखी, पण घाई नसलेली.

आप्पा आता होडीत येत नाहीत. दुपारभर ओसरीवर बसतात. गाव, पार, दौलूनाना हे शब्द त्यांनी त्या दिवसापासून काढलेले नाहीत. पण काल मी ताट वाढत होते तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

“काय दिसतं गं आता तिथं?”

भाकरी माझ्या हातात होती. मी सांगितलं असतं तर ते लगेच उठून होडीत आले असते. रोज आले असते. खाली बोट गावातून चाललेली त्यांनी पाहिली असती, आणि मग मी त्यांना परत वर आणू शकले नसते.

“गाळ,” मी म्हणाले.

“सगळा?”

“सगळा.”

“बरं,” आप्पा म्हणाले आणि जेवू लागले. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी बराच वेळ तसाच हातात धरला होता, पण जेवले.

आज सकाळी मी फाट्यात गेले. वारा नव्हता. पाणी काचेसारखं होतं. आज बोट शाळेच्या कोपऱ्यावर होती, वळणावर, अरुंद जागा आहे तिथं. खाली गाळ आहे हे मला माहीत आहे. बोट काठावर पालथी आहे. तुषारला मी बघितलंय, त्याची राख याच पाण्यात सोडलीय. तिथं काही नाही. १७.९.

शाळेच्या कोपऱ्यापाशी मी इंजिन अगदी मंद केलं. तिला लाट लागू नये म्हणून.